बोटभर सरकवलेली नजर

डोळ्यांनी चालवायची स्क्रीन लेकीनेच तयार केली होती. आजाराने बाबांचं सगळं अंग लुळं पडलं होतं. ते ज्या शब्दावर नजर रोखत, संगणक तो बोलून दाखवायचा. पण त्यांची नजर ‘पाणी’ सोडून सारखी शेजारच्या, कोपऱ्यातल्या ‘पुरे’वर पडायची, काही भरवत नसतानाही. नजरेचं आपलंच मोजमाप चुकतंय समजून तिने त्या कोपऱ्यातली नजर आणि शब्दांची जुळणी बोटभर ‘पाणी’कडे सरकवली. तेव्हापासून संगणक उठसूट ‘पाणी’ म्हणायचा, आई हरखून चमचा घेऊन धावायची. आज लेकीने ती सरकवलेली जुळणी पुसून तपासणीसाठी त्याच कोपऱ्यात ठिपका दाखवला. बाबांची नजर नेमकी ठिपक्यावर टेकली. मोजमाप चुकलंच नव्हतं. तिने शब्द परत लावले. “पुरे,” संगणक म्हणाला. “काय गं म्हणाले?” स्वयंपाकघरातून आईने विचारलं. बाबा लेकीकडे बघत होते. “पाणी,” ती म्हणाली. बाबांनी डोळे मिटले.