जूनचे सहा गुण

"जूनमध्ये तीसपैकी सरासरी सहा आणि आता सव्वीस?" मुख्याध्यापिका इंगवले बाईंनी चौथीच्या गुणांचा तक्ता पुन्हा पाहिला. मुलांच्या प्रगतीवरून शिक्षकांची श्रेणी ठरणार होती आणि यंदाच बदलून आलेले तांबोळी सर शाळेत सर्वांच्या पुढे होते. बाईंना ते खरं वाटेना. हीच मुलं गेल्या वर्षी बाईंच्याच तिसरीच्या वर्गात होती, तेव्हा एकालाही पंचवीसच्या खाली गुण नव्हते. प्रगती फुगवून दाखवायला सरांनीच पहिल्या चाचणीत मुलांना चुकायला लावलं असणार.

सर मुलांना खिचडी वाढत होते, तेवढ्यात बाईंनी चौथीतल्या गौतमीला ऑफिसात बोलावलं. "काय गं, जूनच्या पेपरात मुद्दाम चुका करा, असं सर म्हणाले होते ना?"

"नाही बाई. मला वाचताच येत नव्हतं."

"खोटं बोलू नकोस. तिसरीत तुला अठ्ठावीस पडले होते."

"तेव्हा तुम्ही फळ्यावर उत्तरं लिहून देत होता," गौतमी सहज म्हणाली. मग समोरचा तक्ता ओढून, कुणी न सांगताच, ती वरपासून घडाघडा वाचू लागली. बाईंना तिला थांब म्हणवेना.

सरांच्या श्रेणीवर त्यांनी त्याच दुपारी सही केली.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या यंदाच्या तिसरीची चाचणी होती. पेपर वाटून झाले, तरी मुलं सवयीने फळ्याकडे बघत बसली. बाईंनी फक्त तारीख लिहिली आणि खडू खाली ठेवला.