निळी दवाई
साखरेच्या बिमारीपायी महागूच्या वाट्याला बिनगुळाची, फिक्की खीर यायची. पण लामत्याहून साळा आला, त्याच्यासाठी बायकोनं, विमलाबाईनं, कोहळ्याची गोड खीर केली, अन् ती पाठमोरी झाल्याबरोबर महागूनं तिच्यातल्या दोन वाट्या गटकावल्या.

संध्याकाळी बायकोनं निळी दवाई काढली. तिच्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचे. निळी राहिली तर ठीक, विटेसारखी लाल झाली तर साखर. मागच्या खेपेला लाल झाली, तर तिनं महागूला पोळ्यापासून दिवाळीपर्यंत कारल्याचा रस पाजला होता.

लघवीची रिकामी शीशी लपवत त्यानं साळ्याला परसात गाठलं. "तेजराम, हे तू भरून दे बाप्पा. तुही तब्येत बैलासारखी."

"बाईले इतके भेता, भाऊजी?" तेजराम खो खो हसला, पण शीशी भरून दिली.

विमलाबाईनं थेंब टाकून, चिमट्यात दवाईची नळी धरून विस्तवावर तापवली. निळी दवाई हिरवी झाली, पिवळी झाली, अन् मग विटेसारखी लाल.

"खीर खाल्ली ना तुमी? खरं सांगा!"

तेवढ्यात ओसरीवरून तेजराम ओरडला, "बाई, आणखी एक वाटी खीर आण वं! अन् पाणीबी आण. सकाळपासून तहानच जाऊन नाही राह्यली."

ती गोड खिरीची वाटी भरून निघाली, तसं महागूनं तिचं मनगट धरलं.

"अवं, त्याले माही फिक्की दे."