मगरमाशाचे डोळे

कडी वाजली, आणि नुकताच डोळा लागलेली पायल उठून बसली.

दामिनीने लेकीला थोपटून दार उघडलं. बाहेर रुपराव उभे होते. चितारओळीतले सगळ्यात नावाजलेले मूर्तिकार. चार घरं सोडून राहायचे, पण सहा वर्षांत या दारात आले नव्हते. आज आले ते भर दुपारी, गल्ली जेवून लवंडली असताना.

"दामिनी बेटा, डोळे काढून दे."

"कोणाचे?"

"शाळेच्या मगरमाशाचे. उद्या सकाळी त्याईच्या विज्ञान दालनाचं उद्घाटन आहे. अन् मले धुक्याबिगर काही दिसूनच नाही राहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू." त्यांनी मागेपुढे कानोसा घेऊन आवाज खाली आणला. "पण कोणाले सांगू नको वं. नाव माझंच राहू दे."

दामिनीचं लक्ष त्यांच्या खांद्याकडे होतं. खांद्यावर ओलं फडकं होतं. तेव्हाही होतं.

सहा वर्षांपूर्वी तिचे वडील वामनराव अर्धा गणपती मागे ठेवून वारले. मूर्तीचे डोळे शेवटी काढतात, एका बैठकीत, आणि ते पुरे होईपर्यंत कोणी तोंडातून शब्द काढत नाही. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत दामिनीने ते काढले होते. वडिलांनी शिकवले तसे, पाकळीसारखे, अर्धे मिटलेले. मंडळाची पोरं बघत होती. तेवढ्यात रुपराव आले. बराच वेळ मूर्तीपुढे उभे राहिले. मग खांद्यावरचं फडकं काढलं आणि दोन्ही डोळे पुसून टाकले.

"पोटुशा बाईचा हात हालते," ते म्हणाले. "फसले डोळे."

मंडळाने त्यांचीच मूर्ती नेली. त्यानंतर दामिनीला कोणी डोळे काढायला दिले नाहीत. ती साचे भरायची, पितांबराचे काठ रंगवायची. पायलला पाजताना, पोळ्या लाटताना, नवऱ्याचा, जितेंद्रचा, कळमेश्वरच्या कंपनीत न्यायचा डबा भरताना, ते फडकं पुन्हापुन्हा तिच्या डोळ्यांसमोरून फिरायचं.

"येते काका," ती म्हणाली.

रुपरावांच्या कारखान्यात तणस, माती आणि प्लास्टरचा बारा फुटी प्राणी आडवा पसरला होता. डोळ्यांच्या जागी ताटाएवढे दोन पांढरे गोल. रुपरावांनी शाळेचा कागद तिच्या हातात दिला. "वाच. अक्षरं बी नाही दिसत आता."

तिने मोठ्याने वाचलं. पायल तिच्या गुडघ्याला टेकून ऐकत होती. याचं खरं नाव इक्थिओसॉर. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, समुद्रातला सरपटणारा प्राणी. खोल, अंधाऱ्या पाण्यात शिकार करत असावा. डोळे प्रचंड आणि सताड उघडे, कणभर उजेडही टिपणारे. वल्ह्यासारख्या पायांच्या कडा दातेरी, त्यामुळे पोहताना पाणी वाजत नसावं. तो जवळ आल्याचं भक्ष्याला कळतही नसेल.

"मासा त्याले पाहतच नव्हता?" पायलने विचारलं.

"नाही."

"अन् तो माशाले पाहे?"

"हो ना. म्हणून तर एवढे मोठे डोळे."

रुपरावांनी ओठांवर बोट ठेवलं. पायल गप्प झाली. चितारओळीतल्या लेकराला ते शिकवावं लागत नाही.

दामिनीने कुंचला उचलला आणि पहिली रेघ ओढली. ती इक्थिओसॉरची नव्हती. पुसलेल्या डोळ्यांची होती. पाकळीसारखे, अर्धे मिटलेले, जगाला आशीर्वाद देणारे डोळे ती त्या दातेरी जबड्याच्या वर काढत गेली. उद्या पडदा सरकेल. पहिल्या रांगेतलं एखादं पोरगं हसेल, मग अख्खं दालन हसेल. फोटो निघतील. खाली पाटीवर ठळक अक्षरांत रुपरावांचं नाव असेल. हात माझा नव्हता असं त्यांना म्हणता येणार नाही. लपवायला त्यांनीच सांगितलं होतं.

ते तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. चेहरा जरा भलतीकडेच वळवून, समाधानाने. दामिनीचा श्वासही वाजत नव्हता.

पायलने कागदावरचं चित्र पाहिलं. मग प्राण्याकडे पाहिलं. मग आईची ओढणी ओढली. दामिनीने तिच्या इवल्या ओठांवर बोट ठेवलं. पायलने डोळे मोठे केले, पण तोंड उघडलं नाही.

शेवटचं बुबुळ भरलं. कुंचला पाण्याच्या वाटीत पडला तेव्हा वाटी किणकिणली.

"झाले?"

"झाले."

"मंग आता बोलतो." रुपराव खाली बसले. "त्या दिवशी तुहा हात हालला नव्हता, बेटा. तसे डोळे मले चाळीस वर्षांत साधले नाहीत. तुह्या बापालेबी नाही. मंडळाची पोरं डोळे फाडून पाहत होती. मी घाबरलो. म्हणून पुसले."

दामिनीने नुकत्याच काढलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, चाचपत तिच्याजवळच्या पाटावर ठेवलं. "मोतीबिंदू झाला तसं हेच मनात घोळून राहिलं. दुसऱ्या कोणाच्या हातात माझं नाव दिलं नसतं मी. तुह्या दिलं."

रंग अजून ओला होता. फडकंही.

रुपरावांनी अंदाजाने हात पुढे केला. तो पायलच्या डोक्यावर पडला.

"पायल बेटा, मले तर काही दिसत नाही. तू पाहिलं ना सगळं? सांग बरं आजोबाले, कसे झाले डोळे?"

पायलने त्या दोन मिटू पाहणाऱ्या डोळ्यांकडे पाहिलं. मग आईकडे वळली, आणि आवाज जराही कमी न करता तिने विचारलं,

"आई, खरं सांगू?"