वाटाण्याएवढं मलम

कापूस वेचणाऱ्या नलूची बोटं बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी टोचून सुजली होती. घाटंजीच्या मेडिकलात अकीलाआपाने तिच्यासाठी तीन ट्यूब काढल्या. याआधी कशाने पुरळ उठलं होतं काय, अंगावर पाजतेस काय, सगळं विचारून त्यातलं सगळ्यात कमी ताकदीचं बधिर करणारं मलम दिलं.

“वाटाण्याएवढंच लाव. उघड्या जखमेवर नको.”

चौथ्या दिवशी नलूने ट्यूब परत आणली.

“काहून? खाज सुटली?”

“नाही.”

“मंग दुखणं थांबलं नाही?”

“थांबलं ना आपा. तेच तं झालं. पयले टोचलं की मी बोट लुगड्याले पुसत होती. आता टोचलेलं समजतच नाही, अन् रक्त कापसाले लागून राह्यलं. मालकीण म्हणते, यंदा पांढऱ्यालेच भाव नाही, हा लाल कोण घेईन?”

आपाने ट्यूब बाजूला सारली.

“मंग आता काय देऊ तुले?”

नलूने दहाही बोटं काउंटरवर ठेवली.

“दुखू दे, आपा. फकत रक्त येणार नाही, असं काही दे.”