चाळीस दाब

"छाटलेल्या काड्या?" लेना हॉल्शरने कात्री थांबवली. "नॉर्टनची काडी नुसती खोचून कधी जगलीय का रे? अक्कल गहाण ठेवलीस की काय?"

ऑटो ब्रिंकमन टोपी हातात धरून कुंपणाबाहेरच उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं. मिझुरी नदीकाठच्या या टेकड्यांवर शेंबडं पोरही सांगेल की नॉर्टन द्राक्षाचं दाब कलमच करावं लागतं. जिवंत काडी वाकवून मातीत पुरायची, वर्षभर मूळ वेलावर पोसू द्यायची, आणि मुळं फुटली की मगच तोडायची. पण दाब मागायचा म्हणजे लेनाच्या वेलांना वर्षभर आपल्यासाठी राबवायचं. तेवढं मागायला त्याला तोंड उरलं नव्हतं. म्हणून त्याने जाळायच्या ढिगातला कचरा मागितला.

दारूबंदी नुकतीच, डिसेंबरात उठली होती. आजोबांच्या काळी इथली वाइन पिंपं भरभरून बोटीने सेंट लुईसला जायची. आता अख्ख्या खोऱ्यात नॉर्टनचे वेल उरले होते ते फक्त हॉल्शरांच्या उतारावर. ऑटोने आपल्या उतारावरचे वेल बंदीच्या काळात स्वतःच्या हाताने उपटून तिथे मका पेरला होता. डोळे मिटण्याआधी त्या उतारावर पुन्हा वेल बघावेत, एवढंच आता त्याच्या मनात होतं.

आणि त्यासाठी त्याला नेमकं याच दारी यावं लागलं. आठ वर्षांपूर्वी सरकारी माणसं चोरटी वाइन शोधत त्याच्या तळघरात शिरली. आपली मान सोडवून घ्यायला त्याने शेजारच्या तळघराकडे बोट दाखवलं. लेनाचा नवरा एमिल सहा महिने तुरुंगात गेला. सुटून आल्यावरही दर रविवारी चर्चबाहेर तो ऑटोच्या पाठीवर थाप मारायचा, आणि ऑटोला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मागच्या ऑक्टोबरात एमिल वारला. ऑटोने शवपेटीला खांदा दिला, पण खरं काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

"आत ये. परका असल्यासारखा काय उभा राहिलास?"

लेना त्याला सगळ्यात खालच्या ओळीपाशी घेऊन गेली. तिथे चाळीसेक काड्या वाकवून मातीत पुरल्या होत्या. तिने एकीभोवतीची माती बोटांनी उकरली. आत पांढरी मुळं भरगच्च फुटली होती.

"हे दाब गेल्या वसंतात एमिलनं लावलेत. घेऊन जा. तुझेच आहेत."

"माझे?"

"म्हणाला, आता बंदी उठतेय. ऑटोला लागतील."

ऑटोचे कान तापले. मातीत गडप व्हावं असं त्याला वाटलं. "लेना, मला नाही घेता येणार. त्या सरकारी माणसांना तुमचं तळघर... ते मीच..."

"ठाऊक आहे." लेनाने फावडं त्याच्या हातात दिलं. "एमिल सुटून आला त्याच दिवशी त्यानं मला सांगितलं. वर बजावलं, ऑटोसमोर अवाक्षर काढू नकोस. आपल्याला माहीत आहे हे त्याला कळलं, तर लाजेनं तो पुन्हा आपल्या दारी यायचा नाही."