निळ्या दाराचा फोटो

"फोटोत मी दिसले म्हणजे झालं," मल-सुन आजी म्हणाली. "सुंदर नाही दिसले तरी चालेल. आता कुठं लग्न जमवायचंय?"

छायाचित्रकार ह्योन-सूला हसू आलं नाही. शुक्रवार तीन दिवसांवर आला होता. त्या दिवशी पुनर्विकासाच्या कचेरीत पुरावा दिला नाही, तर आजीला भाड्याचं सरकारी घर मिळणार नव्हतं. आणि सोलच्या या टेकडीवरची अख्खी गल्ली पुढच्या महिन्यात पाडणार होते.

पाडकामाची नोटीस सात वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात लागली होती. तिच्या आधीपासून राहणाऱ्यांनाच घर, असा नियम. आजी त्याच वर्षीच्या वसंतात त्रेचाळीस नंबरच्या निळ्या दारामागच्या खोलीत आली होती. कागदोपत्री मात्र ती अजून मुलाच्याच घरी राहत होती. सुनेशी पटेना म्हणून बाहेर पडले हे चारचौघांत कळू नये, म्हणून तिनं पत्ता कधी बदललाच नाही. मुलाची लाज राखता राखता बाई स्वतः बेघर व्हायला आली होती.

"साक्ष द्यायला कुणी शेजारी?" त्यानं विचारलं.

"गिल-जा होती. ती गेल्या साली वारली. न्हावी पोरीकडे राहायला गेला. उरलास तू. दहा वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवून इथं उंडारतोयस. एकदा तरी सापडले असेन की तुझ्या तावडीत!"

ह्योन-सू पे याला या गल्लीनंच नाव मिळवून दिलं होतं. दोन प्रदर्शनं झाली, एक जाडजूड पुस्तक निघालं. "या गल्लीचा चेहरा मला पाठ आहे," असं तो मुलाखतींत सांगायचा, आणि ते त्याला खरंच वाटायचं.

दोन दिवस तो संगणकासमोर बसून होता. पायऱ्या होत्या, विजेच्या तारांचे गुंते होते, गच्चीवरचे किमचीच्या लोणच्याचे रांजण होते, भिंतीवरून चालणारी मांजरं होती. माणसं नव्हती. असायची कशी? चौकट स्वच्छ हवी म्हणून तो प्रत्येकाला सांगायचा, "आजी, जरा बाजूला व्हा," "काका, एकच मिनिट." माणसं भली, निमूट बाजूला व्हायची. 'माणूस नसूनही माणसं जाणवतात,' असं एका समीक्षकानं लिहिलं होतं. ते कात्रण अजून समोरच्या भिंतीवर होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. उठून त्यानं ते काढून टाकलं.

गुरुवारी दुपारी फोटो सापडला, तोही टाकाऊ म्हणून बाजूला ठेवलेल्यांत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तारीख त्याच वर्षाची, एकोणीस नोव्हेंबर. पाऊस पडत होता. निळं दार, वर त्रेचाळीसचा आकडा, आणि उंबऱ्यात बसून कोबी चिरून मिठात घालणारी म्हातारी. कुरळे करून घेतलेले आखूड केस, फुलाफुलांची विजार, जांभळं कापसाचं जाकीट. मान खाली, चेहरा अर्धा सावलीत, डाव्या हातात सुरी. एवढ्या पावसातही भिंगावर थेंब नव्हता. फक्त वरच्या कोपऱ्यात काहीतरी काळं आलं होतं, म्हणून त्यानं तो तेव्हा नापास केला होता.

तो धावतच टेकडी चढला.

आजीनं फोटो दोन्ही हातांत धरला. मग तिनं डोळे पुसले आणि त्या काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ती चूक आहे, आजी. छापताना कापून टाकतो."

"नको. राहू दे."

"तुम्हीच ना?"

"दार माझंच आहे," आजी म्हणाली. "कोबीही माझाच."

शुक्रवारी कचेरीतल्या कारकुनानं फोटो पाहिला, तारीख तपासली, मग आजीकडे पाहिलं. तेच केस, तशीच विजार. टेकडीवरच्या साऱ्याच आज्या एका दुकानातून विजारी घेत, हे त्याला कोण सांगणार!

"आजी, विजार अजून तीच?"

"कापड टिकाऊ आहे. तुमच्या नव्या इमारतींसारखं नाही."

कारकून हसला. "म्हणजे या तुम्हीच?"

"फोटो मी काढलाय," आजीच्या आधी ह्योन-सू बोलला. "सात वर्षं ओळखतो मी यांना. याच त्या."

शिक्का बसला. आजीनं उजव्या हातानं, एकेक अक्षर जपून काढत सही केली.

बाहेर आल्यावर ह्योन-सूला आभाळ ठेंगणं झालं होतं. नाक्यावरून त्यानं घेवड्याच्या गोड सारणाचे माशाच्या आकाराचे गरम केक घेतले. आजीनं एक हातात धरला, पण खाल्ला नाही.

"घर मिळालं, आजी! आता कसली काळजी?"

"आत तू खोटं बोललास. मी गप्प बसले. आपण दोघंही पापाचे धनी."

"खोटं कसलं?"

"ती गिल-जा आहे रे. किमची घालायच्या दिवसांत आम्ही एकमेकींकडे मदतीला जायचो. त्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. तू म्हणालास, बाजूला व्हा. तिचे हात मिठानं भरलेले, ती काही उठली नाही."

ह्योन-सूनं हातातला केक पिशवीत परत ठेवला.

"आणि तुम्ही? तुम्ही कुठं होता?"

"तू सांगितलंस तशी बाजूला झाले," आजी म्हणाली. "कॅमेरा भिजत होता तुझा. मागं उभी राहून काळी छत्री धरली होती."