कुकरची शिट्टी

वर्षालीने कुकरची शिट्टी काढली, जुन्या ओढणीत गुंडाळली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. वर कपाटाला कुलूप लावलं. तिच्या सासूबाई, शालनताई, दारात उभ्या राहून हे बघत होत्या. कुकर घासून पालथा घातलाय, गॅस बंद आहे, मग शिट्टी काय आपली आपण वाजणार आहे का, असं त्यांनी विचारलं. वर्षालीने कुलूप एकदा ओढून बघितलं. तिचा आता कशावरच भरवसा राहिला नव्हता.

कारणही तसंच होतं. आज तिची मोबाइलवर व्हिडिओ मुलाखत होती, आणि दिवाळीनंतर अशीच एक झाली होती. सगळं सुरळीत चाललेलं असताना कुकरने अशी काही सणसणीत शिट्टी दिली की समोरचे साहेब हसायलाच लागले. आधी स्वयंपाक आटपा, मग बोलू, म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन काही आला नाही.

आजची मुलाखत ठाण्यातल्या औषधांच्या एका एजन्सीची होती. हिशेबाचं काम, त्यातही निम्मे दिवस घरून. वर्षाली पूर्वी कल्याणला एका सीएकडे कामाला होती. मग अमृता झाली, पाठोपाठ सासऱ्यांनी अंथरूण धरलं, आणि बघता बघता सात वर्षं निघून गेली. आता सासरे राहिले नव्हते, अमृता शाळेत जायला लागली होती. वर्षालीचे हात मोकळे झाले होते, पण त्यांना काम द्यायला कुणी तयार नव्हतं. आज नकार आला तर पुन्हा कुठेही अर्ज करायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पण ठरवल्यापासून तिला धड झोप नव्हती.

तयारीत मात्र कसूर नव्हती. तिचा नवरा प्रशांत आठवडाभर रोज जेवणानंतर साहेब होऊन समोर बसत होता. साहेब होणं त्याला इतकं मानवलं की दोनदा त्याने चहासुद्धा मागवला. जीएसटी, बिलं, येणी-देणी, सगळं तिला तोंडपाठ होतं. गाडी अडत होती ती एकाच प्रश्नाशी.

"सात वर्षं काय केलंत विचारलं ना, तर 'घरी होते' असं अजिबात बोलायचं नाय," प्रशांत बजावायचा. "स्किल्स अपडेट करत होते, असं बोल. घरी होते बोललीस की विषय संपला."

तिने ते वाक्य पाठ केलं. पण म्हणताना जीभ दर वेळी अडखळायची. या सात वर्षांत आपल्या घरात अपडेट झालंय ते फक्त गॅसचं कनेक्शन, असं तिला वाटायचं आणि हसूही यायचं नाही.

सकाळपासून ती आवाजांच्या मागे हात धुऊन लागली होती. दाराची बेल बंद केली. फ्रिजचं बटण बंद केलं. खाली जगनची पिठाची गिरणी होती. त्याला अर्धा तास थांबायची गळ घातली, तर त्या भल्या माणसाने 'लाईट गेली आहे' अशी पाटीच लावली. शेजारच्या दुकानात पंखे गरगर फिरत होते. सासूबाई अमृताला घेऊन खाली निघाल्या. तू आमची काळजी करू नकोस, नीट बोल, एवढंच म्हणाल्या. ठाकुर्लीत इतकं शांत घर त्या सकाळी दुसरं नसेल.

पडद्यावर दीपिका मॅडम आल्या. निवड त्याच करणार होत्या. कडक इस्त्रीचा कुर्ता, चेहऱ्यावर एक रेष हललेली नाही, आणि मागे पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट. ते कपाट बघूनच वर्षाली आणखी ताठ बसली. त्या विचारत गेल्या, ती उत्तरं देत गेली. उत्तरं बरोबर येत होती, पण तिचा एक कान सारखा स्वयंपाकघराकडे होता.

मॅडमनी समोरचा कागद उलटला. "तुमचं मधल्या सात वर्षांचं काही लिहिलेलं दिसत नाही. या काळात..."

तेवढ्यात शिट्टी वाजली. लांबलचक, सणसणीत.

"सॉरी मॅडम," वर्षालीच्या तोंडून निघून गेलं. तिला रडू फुटायचंच बाकी होतं. मग तिच्या लक्षात आलं की आपली शिट्टी कपाटात आहे.

दुसरी शिट्टी झाली. मॅडमनी गर्रकन मान वळवली. त्या वळल्या तसं मागचं कपाट थरथरलं, आणि पुस्तकांच्या कडेने अर्धा फ्रिज आणि वाळत घातलेला टॉवेल दिसला. कपाट खरं नव्हतंच, पडद्यावर मागे लावलेलं नुसतं चित्र होतं. मॅडम पुन्हा समोर बघायला लागल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. हा चेहरा वर्षालीने ओळखला. दिवाळीनंतर तो तिचाच होता.

"मॅडम, डाळ असेल तर गॅस बंद करून या," ती म्हणाली. "मी थांबते."

मॅडम उठून गेल्या. परत आल्या तेव्हा ओढणीला हात पुसत होत्या. पुस्तकांच्या कपाटाचं ते चित्र त्यांनी काढूनच टाकलं होतं. मागे फ्रिज होता, आणि त्यावर कुणा लहानग्याने काढलेला जांभळा हत्ती.

"हं. ती सात वर्षं," त्या म्हणाल्या. "काय करत होतात?"

पाठ केलेलं वाक्य वर्षालीच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते गिळलं.

"घरी होते, मॅडम."

मॅडमनी कागद बाजूला ठेवला.

"माझी डाळ करपली असती," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून या."